दोन पॉइंटच्या मधले पंचवीस सेकंद: क्लबात टेनिस खेळणाऱ्यांसाठी मनाची तयारी

क्लबनं सरावासाठी नेमलेल्या मार्करबरोबर अर्धा तास खेळताना फोरहँड खणखणीत लागतो. रविवारी सकाळी क्लबच्या अंतर्गत स्पर्धेत ५-४ वर सर्व्हिस करायची वेळ येते आणि तोच हात आखडतो. टॉस डोक्यामागे जातो, पाय हलेनासे होतात, व्हरांड्यात चहा घेत बसलेली चार माणसं एकदम चाळीस वाटायला लागतात. चर्चगेटपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही जिमखान्यात नियमित खेळणाऱ्याला हा अनुभव ओळखीचा आहे. ‘त्याच्याकडे टेंपरामेंट नाही’ असं म्हणून लोक विषय संपवतात. मला ते मुळीच पटत नाही. दडपणाखाली नीट खेळणं ही बरीचशी सवय आहे, आणि सर्व्हिस घोटवावी तशी ती घोटवता येते.

एका तासाच्या मॅचमध्ये चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. बाकीचा वेळ चालण्यात, चेंडू गोळा करण्यात, घाम पुसण्यात आणि बाजू बदलण्यात जातो. रॅली चालू असताना मनाला भरकटायला फुरसत नसते, ते भरकटतं या मधल्या वेळात. त्याला ‘शांत हो’ म्हणून ते शांत होत नाही. त्या वेळात त्याला ठरलेलं काम द्यावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या म्हणजे हे काम कसं द्यायचं, त्याची कृती आहे.

सुरुवातीला एक हिशेब

जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात रॉजर फेडररनं स्वतःच्या कारकिर्दीचा एक आकडा सांगितला. तो एकेरीच्या १,५२६ मॅचेस खेळला आणि त्यातल्या जवळजवळ ८० टक्के जिंकला. पण त्या मॅचेसमधले पॉइंट त्यानं जिंकले फक्त ५४ टक्के. म्हणजे दर शंभरातले ४६ पॉइंट त्यानं गमावले. याची दुसरी बाजूही त्याच्याच वाट्याला आली आहे. २०१९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात त्यानं २१८ पॉइंट मिळवले, जोकोविचनं २०४, आणि मॅच जोकोविचनं जिंकली. पाचव्या सेटमध्ये ८-७, ४०-१५ वर फेडररच्या हातात दोन चॅम्पियनशिप पॉइंट होते.

हा हिशेब मनात पक्का बसवा, कारण क्लबातले खेळाडू प्रत्येक हरलेल्या पॉइंटवर स्वतःची उलटतपासणी घेतात. बरोबरीच्या माणसाशी खेळताना तुम्ही साधारण निम्मे पॉइंट हरणारच आहात, उत्तम खेळलात तरीही. नेटमध्ये गेलेला एक बॅकहँड हा अपघात नाही आणि तुमच्या लायकीवरचा शेराही नाही. प्रश्न एवढाच उरतो की त्या बॅकहँडमुळे पुढचे तीन पॉइंट जातात का.

पहिली पायरी: तुमचं दडपण शरीरात कुठे उतरतं ते शोधा

दडपण आलं की शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास वर छातीत अडकतो, स्नायू आखडतात. हे सगळ्यांचंच होतं, व्यावसायिकांचंही. फरक इतकाच की प्रत्येकाच्या शरीरात ते पहिल्यांदा वेगळ्या ठिकाणी दिसतं. कुणाची मूठ आवळते. कुणाचे पाय थांबतात आणि तो हातानंच चेंडू गाठायला लागतो. कुणी श्वास रोखून फटका मारतो. कुणी घाई करतो: पॉइंट हरल्याबरोबर चेंडू उचलून लगेच सर्व्हिस.

पुढच्या दोन-तीन मॅचेसमध्ये एवढंच करा. बाजू बदलताना स्वतःला विचारा: मूठ, श्वास, पाय, घाई, यातलं आत्ता काय बिघडलंय? एकच उत्तर पुन्हा पुन्हा येईल. ते तुमचं धोक्याचं चिन्ह. डोक्यातल्या विचारांवर पाळत ठेवण्यापेक्षा हे खूप सोपं आहे, कारण मूठ सैल करता येते, विचार हुकमानं थांबवता येत नाही.

बहुतेकांचं चिन्ह मूठ हेच निघतं. दहापैकी चार इतक्या जोरानं रॅकेट धरावी असं म्हणतात, पण ५-४ वर आपण लोकलच्या दारातला दांडा धरावा तशी धरतो. त्यात मुंबईची दमट हवा भर घालते. घाम सुकत नाही, ग्रिप निसटते, म्हणून आपण ती आणखी आवळतो, मग कोपरापासून मनगटापर्यंतचा हात ताठ होतो आणि फटका आखूड पडतो. यावरचा अर्धा उपाय मनाचा नाहीच. ओव्हरग्रिप, म्हणजे मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी, वेळच्या वेळी बदला, दोन नॅपकिन ठेवा आणि त्यातला एक फक्त तळहातासाठी राखा, मॅचच्या आधीपासून मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घोट घोट घेत राहा. ऑक्टोबरच्या उन्हात अंगातलं पाणी कमी झालं की सर्वात आधी लक्ष ढळतं, चिडचिड वाढते, आणि आपल्याला वाटतं आपलं मन कमकुवत आहे.

आणखी एक गोष्ट, पन्नाशीच्या पुढच्यांसाठी खास. छातीवर दाब, जबड्यात किंवा हातात उतरणारी कळ, एकाएकी सुटलेला थंड घाम, गरगरणं याला ‘टेन्शन आलंय’ म्हणून खेळत राहू नका. मॅच तिथेच थांबवा, सोबतच्यांना सांगा आणि लगेच हॉस्पिटल गाठा.

दुसरी पायरी: कोर्टवर पोहोचण्याआधीची वीस मिनिटं

मुंबईत मॅच हरण्याची सुरुवात बऱ्याचदा रस्त्यावर होते. सहाचा स्लॉट, पावणेसहाला माहीमच्या सिग्नलला अडकलेली गाडी, सहा वाजून पाच मिनिटांनी बूट बांधत धावत आत. अशा माणसाचा पहिला सेट डोकं ऑफिसमध्येच असताना संपतो. ट्रॅफिक आपल्या हातात नाही, निघायची वेळ आहे. स्पर्धेच्या दिवशी वीस मिनिटं आधी पोहोचायचंच असं धरून निघा. फोन गाडीतच सायलेंट करा आणि किटबॅगच्या तळाशी टाका. दोरीवरच्या उड्या किंवा कोर्टाभोवती दोन फेऱ्या मारून थोडा घाम येऊ द्या. शरीर तापलेलं असलं की पहिल्या गेममधली धडधड तेवढी अंगावर येत नाही.

मग एक चिठ्ठी. ‘आज जिंकायचंय’ असं त्यावर लिहू नका, कारण जिंकणं निम्मं समोरच्याच्या हातात आहे. पूर्णपणे तुमच्या हातातली दोन कामं लिहा. उदाहरणार्थ: ‘पहिली सर्व्हिस पाऊण जोरानं, पण आत.’ ‘बॅकहँड क्रॉसकोर्टच, लाइनवर नाही.’ दोनच. तिसरं लिहिलंत की एकही आठवणार नाही. ही चिठ्ठी पाण्याच्या बाटलीजवळ ठेवा आणि बाजू बदलताना वाचा.

सुरुवातीच्या पाच मिनिटांच्या नॉकिंगमध्ये स्वतःच्या फटक्यांची परीक्षा घेत बसू नका. समोरच्याकडे बघा. बॅकहँडला उंच चेंडू आला की तो मागे जातो का? व्हॉली टाळतो का? लक्ष बाहेर गेलं की आतला गोंधळ आपोआप कमी होतो, आणि पहिल्या गेमसाठी काहीतरी हाताशी लागतं.

तिसरी पायरी: पॉइंट संपल्यापासून पुढचा सुरू होईपर्यंत

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. बाकीचा लेख विसरलात तरी चालेल, हा विसरू नका.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांप्रमाणे दोन पॉइंटमध्ये जास्तीत जास्त २५ सेकंद मिळतात, बाजू बदलताना ९० आणि सेट संपल्यावर १२०. प्रत्येक सेटच्या पहिल्या गेमनंतर आणि टायब्रेकमध्ये बाजू बदलताना मात्र बसायला मिळत नाही. क्लबात घड्याळ कुणी लावत नाही, आणि म्हणूनच हे सेकंद वाया जातात. आपण पंधरा-सोळा सेकंद जरी नीट वापरले तरी पुष्कळ. हा वेळ मी कोर्टवरच्या जागांप्रमाणे वाटतो, कारण मॅचच्या भरात क्रमांक लक्षात राहत नाहीत, जागा राहतात.

*जिथे पॉइंट संपला ती जागा.* नेटकडे पाठ करा. रॅकेट दुसऱ्या हातात घ्या, म्हणजे खेळणाऱ्या हाताची बोटं मोकळी होतील. नजर रॅकेटच्या तारांवर ठेवा. व्हरांड्याकडे, प्रतिस्पर्ध्याकडे, शेजारच्या कोर्टवर चाललेल्या डबल्सकडे बघायचं नाही. चूक झाली असेल तर तोच फटका हवेत एकदाच बरोबर मारून बघा, आणि सोडून द्या. एकदाच. दोनदा केलं की ती सुधारणा राहत नाही, प्रेक्षकांना दिलेलं स्पष्टीकरण होतं. चांगला पॉइंट मिळाला असेल तर मूठ आवळून ‘चल!’ म्हणा, मनापासून म्हणा. आपल्याकडे क्लबातली माणसं आनंद दाखवायला उगाच संकोचतात.

*बेसलाइनमागची जाळी.* तिथे नॅपकिन अडकवून ठेवा, म्हणजे चालत जायला कारण मिळतं. चालताना श्वास नाकानं चार आकडे मोजत आत आणि तोंडानं सहा आकडे मोजत बाहेर. बाहेर जाणारा श्वास लांब ठेवण्याला कारण आहे: उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, आणि हुकमानं धडधड उतरवायचा हाच आपल्या हातातला रस्ता आहे. असे एक-दोन श्वास पुरतात. याच वेळी स्कोअर मोठ्यानं म्हणा. ‘थर्टी-फॉर्टी.’ तो आकडा उघडपणे उच्चारला की त्याची भीती थोडी उतरते, शिवाय नंतरची वादावादी टळते.

*जाळीपासून बेसलाइनपर्यंतचं अंतर.* आता एकच निर्णय घ्या. सर्व्हिस तुमची असेल तर कुठे टाकायची आणि त्यानंतरचा पहिला चेंडू कुठे मारायचा. ‘टीवर (दोन सर्व्हिस बॉक्सच्या मधल्या रेषेपाशी), मग फोरहँड मोकळ्या बाजूला.’ रिटर्न असेल तर ‘मधोमध, खोल.’ वाक्य लहान हवं आणि काय करायचं ते सांगणारं हवं. ‘डबल फॉल्ट करू नकोस’ हे वाक्य मनात आलं की डोळ्यांपुढे डबल फॉल्टच, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून गेलेला पॉइंट, उभा राहतो. ते ‘उंचावरून, फिरवून’ असं बदला.

*रेषेवर.* इथे विचार बंद, फक्त ठरलेली कृती. चेंडू तीन किंवा चार वेळा टप्पा देऊन घ्या, दर वेळी तेवढेच. राफेल नदाल पाण्याच्या बाटल्या ठरल्या जागी ठेवायचा, जोकोविच कित्येकदा चेंडू आपटत राहतो, लोकांना ते विक्षिप्त वाटतं. पण रोज तेच केल्यामुळे मनाला खूण पटते की आता काम सुरू. रिटर्न करताना तुमची खूण पायांत असू द्या: समोरच्याचा फटका लागण्याच्या क्षणी छोटी उडी. आणि फटका मारताना श्वास सोडा, आवाज झाला तरी झाला.

पहिले दोन-तीन आठवडे हे सगळं कृत्रिम वाटेल. साध्या, मैत्रीच्या गेममध्येही करा. फक्त महत्त्वाच्या पॉइंटला करायला गेलात तर ती सवय होत नाही, उलट ‘आता महत्त्वाचा पॉइंट आहे’ अशी घंटा वाजते.

एक अडचण नेहमी येते. समोरचा घाईत असतो, तासाभराचाच स्लॉट आहे, तुम्ही जाळीपाशी असताना तो सर्व्हिसला उभा. नियम दोन्ही बाजूंचा आहे: रिटर्न करणाऱ्यानं सर्व्हरच्या वाजवी वेगाशी जुळवून घ्यायचं, आणि रिटर्न करणारा तयार होईपर्यंत सर्व्हरनं सर्व्हिस करायची नाही. म्हणून हात वर करा, ‘एक मिनिट’ म्हणा आणि तुमचा क्रम थोडा लवकर आटोपा. माफी मागायची गरज नाही.

चौथी पायरी: दुसरी सर्व्हिस

हा मनाचा प्रश्न आहे अशी सगळ्यांची समजूत असते. बहुतेक वेळा तो निम्मा तंत्राचा असतो.

२०१७ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमच्या आवारात, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर झालेली मुंबई ओपन आर्यना सबालेंकानं जिंकली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पुढे ती जगातल्या पहिल्या काही खेळाडूंमध्ये पोहोचली आणि २०२२ च्या सुरुवातीला तिची सर्व्हिस कोसळली. डबल फॉल्ट इतके वाढले की ॲडलेडमधल्या स्पर्धेत तिनं खालून सर्व्हिस केली. त्यातून ती बाहेर आली ती हालचालींचं शास्त्र जाणणाऱ्या तज्ज्ञाकडून सर्व्हिसची कृती दुरुस्त करून घेतल्यावर. जानेवारी २०२३ मध्ये ती ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. वर्षभर तुमची दुसरी सर्व्हिस डगमगत असेल तर ‘माझं मन कच्चं’ असं ठरवून टाकण्याआधी कोचसमोर ती तपासून घ्या.

तंत्रातली नेमकी चूक बहुधा ही असते: चेंडू आत पडावा म्हणून आपण हाताचा वेग कमी करतो. वेग कमी झाला की चेंडूला फिरकी मिळत नाही, फिरकी नसली की तो खाली वळत नाही, आणि मग एकतर नेट किंवा लांब. दुसऱ्या सर्व्हिसला हात तितक्याच वेगानं फिरवायचा, फक्त चेंडूच्या मागून वर घासत. नेट मधोमध ३ फूट आणि खांबांपाशी ३.५ फूट उंच असतं, त्यावरून निदान हातभर उंच लक्ष्य धरा. टॉस बिघडला तर चेंडू पकडा किंवा खाली पडू द्या. रॅकेट चेंडूवर फिरवली नसेल तर तो फॉल्ट धरला जात नाही. हे माहीत असूनही संकोचापोटी वाईट टॉसवर सर्व्हिस करणारे मी खूप पाहतो, आणि प्रत्येक वेळी वाटतं, कशाला?

सराव मात्र शेवटी करा. तास संपता संपता, दमलेले असताना, फक्त दुसरी सर्व्हिस दहा वेळा. सलग पाच आत पडेपर्यंत कोर्ट सोडायचं नाही. मॅचमध्ये ती दमलेल्या हातानंच करावी लागते.

पाचवी पायरी: पुढे असताना

मागे असताना माणूस लढतो. क्लबात जास्त मॅचेस हातातून जातात त्या पुढे असताना.

१९९३ च्या विम्बल्डनमध्ये याना नोवोत्ना श्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ नं पुढे होती, सर्व्हिस तिची, ४०-३०. एक पॉइंट मिळाला की ५-१. तिथे डबल फॉल्ट झाला, आणि ग्राफनं सलग पाच गेम घेऊन मॅच संपवली. पाच वर्षांनी, १९९८ मध्ये, नोवोत्नानं तेच विजेतेपद मिळवलं. मला या गोष्टीचा हा दुसरा भाग फार मोलाचा वाटतो, कारण लोक पहिलाच भाग सांगतात.

४-१ झालं की मन दोन ठिकाणी पळतं. एक, ट्रॉफीकडे. दोन, ‘आता फक्त सांभाळून खेळू’ या विचाराकडे. सांभाळून म्हणजे आखूड, मंद चेंडू, आणि मागे पडलेला प्रतिस्पर्धी त्या वेळी मोकळेपणानं फटके मारत असतो. उपाय असा: बाजू बदलताना बाकावर बसल्यावर आठवा की हे चार गेम कशानं मिळाले. त्याच्या बॅकहँडवर उंच चेंडू टाकून? मग पुढचा गेमही त्यानंच. समोरचा त्यावर तोड काढत नाही तोवर बदल करायचा नाही. चालण्याचा वेग मुद्दाम थोडा कमी करा, कारण पुढे असताना घाई वाढते आणि ती लक्षातही येत नाही.

मागे असताना सूत्र उलट आहे. १-४ वर सेटचा विचार सोडा, फक्त पुढच्या गेमचा पहिला पॉइंट बघा. आणि चालू आहे ते चालत नाही हे मान्य करून एक गोष्ट बदला: जास्त उंच खेळा, किंवा नेटवर या. एकच.

सहावी पायरी: नुसता परत टाकणारा, काका, आणि चौदा वर्षांचा मुलगा

क्लबातली माणसं ज्यांना घाबरतात ते जोरात मारणारे नसतात. घाबरतात ते सगळं परत टाकणाऱ्याला. त्याच्याविरुद्ध हरलो की ‘तो काही खेळतच नाही’ अशी तक्रार असते. पण न चुकता चेंडू परत टाकणं हे कौशल्य आहे, त्याला मान द्या, म्हणजे निम्मी चिडचिड तिथेच संपते. मग मॅच सुरू होण्याआधीच ठरवा की आज आठ-दहा फटक्यांच्या रॅली होणार आणि विनर मारायचा तो सर्व्हिस बॉक्समध्ये पडलेल्या चेंडूवरच. त्याला आखूड चेंडू टाकून नेटवर आणा, तिथे तो बहुधा अवघडतो. दमट हवेत चेंडू जड होतात, बेसलाइनवरून त्याला जोरानं भेदणं संध्याकाळच्या खेळात आणखी कठीण जातं.

ज्येष्ठ सभासदाशी खेळताना वेगळीच अडचण. समोर वडिलांचे मित्र, लहानपणापासून ‘काका’ म्हणत आलोय, त्यांच्या गुडघ्याला पट्टा. त्यांना ड्रॉप शॉट मारायचा? मारा. स्पर्धेत उतरलेला माणूस खेळायला उतरलेला असतो, आणि दया दाखवलेली त्यांना लगेच कळते. मान दाखवायचा तो आधी नमस्कार करून, त्यांचा चांगला फटका ‘वा, काका!’ म्हणून वाखाणून आणि लाइनवरचा संशयाचा चेंडू त्यांना देऊन.

मुलाविरुद्ध दडपण याचं की ‘पोराकडून हरलो’ असं लोक म्हणतील. म्हणू द्या. मुलं वेग देणाऱ्याला लीलया परतवतात, उंच आणि संथ चेंडूंवर अधीर होतात. तुमच्याकडे संयम जास्त आहे, तो वापरा.

सातवी पायरी: लाइन कॉल

अंपायर नसलेल्या मॅचमध्ये आपल्या बाजूचे कॉल आपण द्यायचे असतात. खात्री असेल तरच ‘आउट’, आणि तेही लगेच. संशय असेल तर चेंडू आत. आपल्याकडे ‘नक्की दिसलं नाही, पुन्हा खेळू’ अशी पद्धत पडली आहे, पण नियमाच्या भावनेनं ती चूक आहे: दिसलं नाही म्हणजे पॉइंट समोरच्याचा. मातीच्या कोर्टवर खूण दाखवायला सांगता येतं.

समोरच्यानं चुकीचा कॉल दिला असं वाटलं तर एकदा विचारा, आवाज न चढवता.

‘नक्की बाहेर होता?’

‘हो रे, चांगला चार बोटं बाहेर.’

‘ठीक आहे.’

एवढंच, आणि लगेच जाळीकडे चालायला लागा. त्या एका पॉइंटपेक्षा पुढची दहा मिनिटं त्यावर धुमसत घालवलेली फार महाग पडतात. पुन्हा पुन्हा तसंच होत असेल तर खेळ थांबवून आयोजकांना बोलवा आणि लाइनवर कुणाला तरी उभं करायला सांगा. हे भांडण नाही, तो तुमचा हक्क आहे. आणि स्वतःचा चुकलेला कॉल लक्षात आला तर तिथल्या तिथे पॉइंट देऊन टाका. खोट्या कॉलवर मिळालेला पॉइंट मनात खुपत राहतो, आणि पुढच्या सर्व्हिसला हात अडखळतो.

आठवी पायरी: डबल्समधला जोडीदार

मुंबईत कोर्ट कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे क्लबातलं टेनिस मुख्यतः डबल्सच. इथे तुमच्या मनाबरोबर दुसऱ्याचंही सांभाळायचं असतं. जोडीदारानं डबल फॉल्ट केला की मागे वळून त्याच्याकडे पाहू नका. तो पाठीवरून सुद्धा तुमची नाराजी ओळखतो. प्रत्येक पॉइंटनंतर, जिंकलेला असो वा हरलेला, जवळ या, हातावर हात मारा आणि फक्त पुढच्या पॉइंटबद्दल बोला: ‘वाइड टाक, मी मध्ये सरकतो.’ ‘मधला चेंडू तुझा.’ त्याच्या ग्रिपबद्दल, पायांबद्दल सूचना मॅच संपेपर्यंत तोंडातून काढायच्या नाहीत. ‘सॉरी, सॉरी’ही मॅचपुरतं बंद करा, दोघांनी मिळून तसं आधीच ठरवा.

डबल्समध्ये शांतपणा किती लांब नेतो याचं उदाहरण आपल्याजवळच आहे. जानेवारी २०२४ मध्ये रोहन बोपण्णानं वयाच्या ४३ व्या वर्षी मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि दुहेरीत तो जगात पहिल्या क्रमांकावर गेला. झिजलेल्या गुडघ्यांनिशी इतकं खेळता येण्यात अय्यंगार योगाचा मोठा वाटा असल्याचं त्यानं सांगितलं आहे. ही पद्धत पुण्यात घडली आणि मुंबईत तिचे वर्ग आहेत, आठवड्यातून दोनदा जाणं कुणालाही जमण्यासारखं आहे.

नववी पायरी: सरावात दडपण आणा

मार्कर हा आपल्या क्लबांचा मोठा आधार आहे. पण तो चेंडू आपल्याला हवा तिथे, हवा तसा देतो, त्यामुळे सरावात आपण असतो त्यापेक्षा चांगले दिसतो. त्याला सांगा: शेवटची वीस मिनिटं पॉइंट खेळायचे आणि सोडायचं नाही. दर गेम ३०-४० पासून, फक्त दुसऱ्या सर्व्हिसवर. किंवा सलग तीन टायब्रेक. मित्रांबरोबर खेळताना ४-१ पासून सेट सुरू करा, एकदा पुढे राहून, एकदा मागे. हरणाऱ्यानं सगळ्यांना बन मस्का आणि चहा द्यायचा. पैज छोटी असली तरी हाताला ती कळते.

ब्रेबॉर्नच्या आवारात किंवा कूपरेजला महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेच्या कोर्टांवर स्पर्धा असेल तेव्हा जरूर जा, आणि एक सेट असा बघा की रॅलीकडे दुर्लक्ष करून फक्त दोन पॉइंटच्या मध्ये खेळाडू काय करतात तेवढंच पाहायचं. टीव्हीवर तो वेळ रिप्लेमध्ये जातो, प्रत्यक्षात पूर्ण दिसतो.

पावसाळ्यात मातीची कोर्ट बंद, हार्ड कोर्टवर वायपर मारून अर्धा तास मिळाला तर नशीब. ते महिने घरी वापरता येतात. हॉलमध्ये उभं राहून डोळे मिटा आणि ४०-३० वरची एक सर्व्हिस मनात पूर्ण खेळा: जाळी, श्वास, निर्णय, टप्पे, टॉस, फटका. रोज पाच मिनिटं. पाऊस ओसरल्यावर क्रम आठवावा लागत नाही.

मॅचनंतर

आधी नेटवर या, डोळ्यांत बघून हात मिळवा. हरल्यावर व्हरांड्यात लगेच कारणं सांगायला बसू नका. त्या वेळी जे बोलतो तेच आपल्याला नंतर खरं वाटायला लागतं. घरी जाताना, गाडी कुणी दुसरं चालवत असेल किंवा लोकलमध्ये बसायला मिळालं असेल तर, फोनमध्ये तीन ओळी लिहा. चिठ्ठीवरची दोन कामं किती जमली. धोक्याचं चिन्ह कोणत्या स्कोअरला दिसलं. समोरच्यानं कशानं त्रास दिला. उदाहरणार्थ:

‘पहिली सर्व्हिस आत, पहिल्या सेटमध्ये बरी, नंतर घाई. मूठ आवळली ३-३, ड्यूसला. डावखुरा, वाइड सर्व्हिस झेपली नाही, पुढच्या वेळी एक पाऊल बाहेर उभं राहायचं.’

स्कोअर शेवटी लिहा, किंवा लिहूही नका. अशा पाच-सहा नोंदी झाल्या की त्या एकत्र वाचा. जे वाक्य तीनदा आलं असेल, ते मार्करला किंवा कोचला दाखवा आणि पुढच्या आठवड्याचा सराव त्यावरच ठेवा.

एकदम नऊही पायऱ्या सुरू करू नका. पहिला महिना फक्त तिसरी, त्यातही आधी नुसतं नेटकडे पाठ करून रॅकेट दुसऱ्या हातात घेणं आणि जाळीपर्यंत चालत जाणं. ते न आठवता व्हायला लागलं की श्वास जोडा, मग निर्णय, मग टप्पे. दुसरी सर्व्हिस दुसऱ्या महिन्यात.